साउंडबार चांगलाय, पण राणीच्या दुखवट्याला नापास

२०२२ च्या गणपती ऑफरमधे धुळ्याहून घेतला होता, वेगळा सबवूफर, डब्यावर १२० वॅट लिहिलंय. आता हप्तेही फिटले आणि वॉरंटीही संपली म्हणून खरं खरं लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, ह्या रेंजमधले सगळे थोड्याफार फरकाने एकाच जातीचे असतात.

आवाज दणदणीत, ह्यात वादच नाही. अहिराणी गाणी लावली की पत्र्याच्या शेडवरचं कबुतर उडतं. मॅच, बातम्या, सिरीयल, सगळं मस्त. पण मी ह्याची टेस्ट भलत्याच गोष्टीवर घेतली आणि तिथे त्याचं पितळ उघडं पडलं.

माझा भाचा इंग्लंडमधे असतो, छोट्या गावात, आणि तिथल्या चर्चमधे हौस म्हणून घंटा वाजवायला शिकलाय (ताईला अजून पटत नाही, म्हणते इंजिनियर होऊन दोरच ओढायचा होता का). ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेली, आपल्याकडे रात्री ११ ला बातमी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला तिकडच्या चर्चना तासभर घंटा वाजवायची सूचना होती, म्हणजे आपले साडेचार. आणि इकडे अमळनेरला त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. बाहेर डीजे, गुलाल, आणि मी दारं लावून भाच्याने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकतोय.

आधी त्या घंटेचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिकडे दोर ओढला की अख्खी घंटा चाकावर गरकन फिरते, एकदा इकडून एकदा तिकडून, आणि दर फेरीला आतला लोलक एकदा आपटतो. दुखवटा असला की त्या लोलकाला चामड्याची गादी पट्ट्याने आवळून बांधतात. एकाच बाजूला बांधली तर एक टोला खणखणीत आणि पुढचा लांब कुठून तरी, विहिरीतून आल्यासारखा. राजा किंवा राणी गेली तर नियम अजून कडक, सगळ्या घंटांना दोन्हीकडून गादी, फक्त सगळ्यात मोठ्या घंटेची एक बाजू उघडी. भाच्याकडे तेवढ्या गाद्याच नव्हत्या, ७० वर्षांत असा प्रसंगच आला नव्हता ना, मग त्यांनी एकेकच बांधून भागवलं. आपल्याकडे सुतकात देव्हाऱ्यातली घंटा वाजवत नाहीत, तिकडे घंटेलाच सुतक पाळायला लावतात.

तर ह्या साउंडबारने काय केलं, दोन्ही टोले सारखेच! हळू आवाज तो आपला आपणच वाढवतो, डॉक्युमेंटमधे त्याला काहीतरी ऑटो व्हॉल्यूम म्हटलंय, तो बंद करायचं बटणच नाही. आप्पा बाहेरून आले, "हाई काय वाजी राहिनं भो, शाळा सुटनी का?" संपला दुखवटा. मोबाईलच्या साध्या इयरफोनवर ऐकलं तर अंगावर काटा आला.

१० तारखेला तिकडे नव्या राजाची घोषणा झाली म्हणून अर्ध्यावरचे झेंडे सकाळी ११ ला वर चढवले, दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला परत खाली. एका दिवसापुरता दुखवटा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा धरायचा, हे मला अजून पचत नाही. त्याच ११ तारखेला आपल्या सरकारनेही एक दिवसाचा दुखवटा पाळला होता. भाच्याच्या चर्चमधे शोकसंदेशाची वही, मेणबत्त्या, दार दिवसभर उघडं. प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकात राणीचं नाव घेऊन प्रार्थना आहे, तिथे आता राजा चार्ल्स म्हणायचं होतं, आणि पहिल्याच रविवारी पाळक सवयीने राणीच म्हणून गेले. भाचा सांगत होता, "मामा, कुणी हसलं नाही, एक आजी तेवढ्या डोळे पुसायला लागल्या."

आता मोठी तक्रार. १९ तारखेला अंत्यविधी लाईव्ह बघितला, पितृपक्ष चालू होता, घरात वरणभात आणि वडे. वेस्टमिन्स्टर ॲबेची मोठी घंटा विधीच्या आधी दर मिनिटाला एक अशी ९६ वेळा वाजली, राणीच्या वयाइतकी. मधे शांतता झाली की हा साउंडबार झोपतो, आणि टोला पडल्यावर जागा होतो. म्हणजे घंटेचा "ठ" गिळला आणि नुसता "ण्ण्ण्ऽऽ" आला, असं किती वेळा. शेवटी दोन मिनिटांचं मौन होतं, तेवढं मात्र ह्याने अगदी बिनचूक वाजवलं.

सर्व्हिसवाला पोरगा आला, चांगला होता, दोन केबल बदलून बघितल्या आणि म्हणाला, "काका, हा लग्नकार्याचा माल आहे, तुम्ही मयतीला वापरताय."

पाचपैकी तीन स्टार. डीजेची हौस असेल तर बिनधास्त घ्या. भजन, सतार, रात्रीचं हळू काही ऐकत असाल तर दुकानातच आवाज एकदम कमी करून, मधे गाणं थांबवून परत चालू करून बघा, दुकानदार कंटाळला तरी बघा. रिमोटचे सेल डब्यात येत नाहीत, येताना घेऊनच या.