योना आधी वाचू की यिर्मया?

देवाचं ऐकलं नाही तर काय होतं हे बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या, पुस्तकांत वाचायचंय पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी दोनच नावं सांगते, योना नाहीतर यिर्मया. योना 4 अध्यायांचं, एका बैठकीत होतं. यिर्मया 52 अध्यायांचं आणि त्यात घटना सारख्या मागेपुढे होतात, पहिल्यांदा वाचणारा हमखास गोंधळतो.

योनात न ऐकणारा एकटा माणूस आहे, आणि तो स्वतःच संदेष्टा. देव म्हणतो निनवेला जा, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलला, आणि हा याफो बंदरात जाऊन भाडं भरून भलतीकडे, दूरच्या तार्शीशला जाणाऱ्या जहाजात बसतो आणि तळाशी जाऊन गाढ झोपतो. वादळ आल्यावर पहिला फटका बसतो खलाशांना, ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही, ते बिचारे आपापल्या देवांचा धावा करत जहाजातला माल समुद्रात फेकतायत. शेवटी योनाला समुद्रात टाकतात आणि एक मोठा मासा त्याला गिळतो. तो मासा सगळ्यांना पाठ असतो, हा माल कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि मासा म्हणजे शिक्षा असंही धरून चालू नका, बुडणाऱ्याला त्यानेच तर वाचवलं. पुढे योना निनवेत जाऊन शहराचा नाश होणार असं सांगतो, तर राजासकट सगळे पश्चात्ताप म्हणून गोणपाट नेसतात, गुराढोरांनासुद्धा उपास, आणि देव ठरवलेलं संकट आणत नाही, म्हणून योना चिडून बसतो! योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दुपारी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनाघरात) हेच पुस्तक वाचतात, आपल्याकडच्या बेने इस्राएल ज्यू लोकांकडेही.

यिर्मयात मात्र अख्खं यहूदाचं राज्य, ज्याची राजधानी यरुशलेम, ऐकत नाही. तो 23 वर्षं सांगत राहिल्याचं स्वतःच म्हणतो. 36वा अध्याय बघा, थंडीचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसलाय, समोर यिर्मयाचे संदेश लिहिलेली गुंडाळी वाचली जातेय, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकायचा असं करत सगळी गुंडाळी जाळून टाकतो. यिर्मया आपला लेखनिक बारूख याला परत बसवून सगळं पुन्हा लिहून घेतो, वर आणखी भर घालतो.

पण मला सगळ्यात जास्त लागतो तो 34वा. बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, वेढा पडलाय, घाबरून नंतरचा राजा सिद्कीया आणि यरुशलेमचे लोक करार करून आपल्या इब्री, म्हणजे आपल्याच जातभाई, गुलामांना सोडतात, मग मिसरची (इजिप्तची) फौज येतेय म्हणून बाबेलची फौज जरा मागे सरते तर लगेच त्याच माणसांना परत धरून आणून गुलाम करतात. आज्ञा मोडणं म्हणजे नेमकं काय, हे इतकं उघड मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. फौज परत आली. शहर पडलं, मंदिर जळालं, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले.

आता निवडायचं कसं? घरात आजारपण चाललंय, कोणी गेलंय आणि मनात सारखं येतंय की ही माझ्या पापाची शिक्षा तर नाही, तर कृपा करून यिर्मयाने सुरुवात करू नका, योना घ्या आणि माशापाशी थांबू नका, चौथा अध्याय वाचाच, कारण पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर, की या 1,20,000 माणसांची आणि एवढ्या गुराढोरांची मला कीव येऊ नये का. मुळात यिर्मया स्वतः देवाचं ऐकत होता तरी त्याला चिखलाच्या हौदात टाकलं, तेव्हा ज्याला दुःख त्याचा दोष हा हिशोब तिथेही बसत नाही. पण समाज, राजकारण, पैसेवाल्यांची मनमानी बघून प्रश्न पडला असेल तर सरळ यिर्मया घ्या, तोही पहिल्या पानापासून नको, आधी 18व्यातला कुंभार, कारण राष्ट्र वळलं तर देवही वळतो हे तिथे सांगितलंय आणि निनवेत तेच घडतं. मग 36, मग 34, आणि तिथून थेट 39. शहर पडल्यावर बाबेलचा सरदार नबूजरदान मागे राहिलेल्या कंगाल लोकांना, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना, त्याच दिवशी द्राक्षमळे आणि शेतं देऊन टाकतो.