चष्म्यावरून पक्षी पाहताना: ८×४२ दुर्बिणीचे आठ महिने

माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे, दोन्ही डोळ्यांना सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) आहे आणि पन्नाशीनंतर काचाही प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून दूरचे आणि खालून जवळचे दाखवणाऱ्या, झाल्या आहेत. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, दुर्बिणींविषयीचे बरेचसे अभिप्राय चष्मा नसलेल्यांचे असतात आणि तेच वाचून मी पहिल्या खरेदीत फसलो. त्या दुर्बिणीच्या खोक्यावर दृश्यक्षेत्र ८ अंश छापले होते. चष्मा लावून पाहिले की त्याचा मधला तुकडा तेवढा दिसे. पुण्याजवळच्या कवडी पाटला पाण्यात उभ्या असलेल्या शेकाट्यांच्या थव्यातले दोन-तीनच एका वेळी नजरेत येत. चष्मा कपाळावर चढवावा, तर उणे नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो, सिलिंडर निघत नाही. शिवाय तेवढ्या वेळात वटवट्यासारखा चिमुकला पक्षी झुडपात शिरलेला असतो.

दोष आय रिलीफचा होता. मागच्या भिंगापासून जितक्या अंतरावर डोळा ठेवला असता पूर्ण वर्तुळ दिसते, ते हे अंतर, आणि त्या दुर्बिणीत ते १२ मिलिमीटर होते. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते, तिची जाडी वेगळी. तेव्हा हिशेब जुळणारच नव्हता. त्यातून छापील आकडा भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो आणि आयकप (मागच्या भिंगांभोवतीची, वर-खाली होणारी कडी) पूर्ण खाली बसवले तरी भिंग त्यांच्या कडेपेक्षा थोडे आतच राहते. म्हणून १६-१७च्या खालची दुर्बीण मी आता हातातही घेत नाही.

नोव्हेंबरात निकॉन मोनार्क एम५, ८×४२ (आठ पट मोठे दाखवणारी, पुढची भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाची) घेतली. आय रिलीफ १९.५ मिलिमीटर, वजन ६३० ग्रॅम आणि दृश्यक्षेत्र ६.४ अंश, म्हणजे हजार मीटरवर सुमारे ११२ मीटर रुंदीचे. कागदावर हे आधीच्यापेक्षा कमी असले, तरी ते सगळेच्या सगळे, कडेच्या रेखीव काळ्या वर्तुळासकट दिसते, त्यामुळे व्यवहारात मला आधीपेक्षा जास्तच मिळाले. दुकानात हीच खूण पाहावी: आपलाच चष्मा लावून, दाराबाहेर उभे राहून, कडेचे वर्तुळ सगळीकडून स्पष्ट दिसते की नाही. समोरच्या पाटीवरची अक्षरे कोणत्याही दुर्बिणीतून वाचता येतात.

माझी फ्रेम चेहऱ्यालगत बसते, त्यामुळे आयकप पूर्ण खाली असताना दृश्यात काळ्या सावल्या तरळत. एक खटका वर घेतल्यावर त्या थांबल्या. प्रोग्रेसिव्ह काचांची सवय होण्यास मात्र वेळ लागला. जानेवारीत भिगवणला नावेतून काठाजवळच्या तुताऱ्या (चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी) पाहताना डोळे नकळत खाली, वाचायच्या भागात जात आणि चित्र धूसर होई. तेव्हा नजर नव्हे, तर हनुवटीच खाली घ्यावी लागते, हे उमगायला अर्धी सकाळ गेली. दूरचे पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) आणि रोहित (फ्लेमिंगो) मात्र पहिल्यापासून स्वच्छ दिसले. सकाळ-संध्याकाळी पाठीमागून येणारे ऊन चष्मा आणि आयकप यांच्यामधल्या फटीतून शिरते, त्यावर दोन्ही तळव्यांचा आडोसा करणे एवढाच उपाय मला सापडला आहे.

जूनमध्ये सिंहगडाच्या दरीत या सगळ्यावर पाणी पडले, अगदी अक्षरशः. दुर्बीण आतून कोरडी राहिली, पण चढावर दमल्यावर श्वासाची वाफ चष्म्यावरही धरते आणि मागच्या भिंगांवरही. एक पुसेपर्यंत दुसरे धुरकटते. चष्मा नसलेल्या सोबत्याला पुसायला एकच जोडी असते, मला दोन.

मध्यंतरी डाव्या डोळ्याचा नंबर बदलला आणि नव्या चष्म्यातून उजवीकडचे चित्र ठळक, डावीकडचे पुसट दिसू लागले. दुर्बीण कुठे आपटली असावी, या शंकेने मी दोन रविवार ती घरीच ठेवली. डावा डोळा मधल्या चाकाने आणि उजवा डायॉप्टरच्या कडीने (दोन डोळ्यांतला फरक भरून काढणाऱ्या) नव्याने जुळवल्यावर दोन मिनिटांत सारे ठीक झाले.