अडलेलं ऑनलाइन सरकारी काम: पीजी पोर्टल की माहिती अधिकार?

सरकारी संकेतस्थळावर भरलेला अर्ज महिनोन्‌महिने 'प्रक्रियेत' दिसत राहिला, हेल्पलाइन नुसतंच 'थांबा' म्हणू लागली, की घरबसल्या करण्याजोग्या दोन गोष्टी उरतात. एक, केंद्राच्या पीजी पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर तक्रार. दोन, माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज. मंत्र्यांना ट्विटरवर टॅग करा असंही काही जण सुचवतात. कोणाचं काम त्याने झालंही असेल, मला तो प्रकार जमत नाही. बाकी दोन्ही मी नेहमी वापरतो, स्वतःसाठी कमी आणि इमारतीतल्या ज्येष्ठ मंडळींसाठी जास्त. "आधी काय करू?" असं विचारणारे इतके भेटतात की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच वाया जातात. काम ऑनलाइन अडलं म्हणजे जबाबदार माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, असं अनेकांना वाटतं. हे मंत्रालय २०१६ मध्ये दळणवळण खात्यापासून वेगळं झालं. डिजिटल इंडिया, डिजिलॉकर, उमंग ही त्याची कामं, आधारचं प्राधिकरणही त्याच्याच अखत्यारीतलं. पण पासपोर्टचं पोर्टल परराष्ट्र खात्याचं, भविष्य निधीचं कामगार खात्याकडचं, प्राप्तिकराचं अर्थ खात्याकडचं. त्यामागचं सॉफ्टवेअर कधी १९७६ पासून सरकारची संगणकाची कामं बघणाऱ्या एनआयसीने लिहिलेलं, कधी कंत्राट घेतलेल्या खासगी कंपनीने. नियम एकाचे, संगणकप्रणाली दुसऱ्याची आणि जुन्या नोंदी तिसऱ्याच्या ताब्यात. जपानने २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र डिजिटल एजन्सी काढली, जर्मनीने २०२५ मध्ये वेगळं मंत्रालयच. आपल्याकडे कारभार खातेनिहाय चालतो, आणि त्यात काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. पासपोर्टचे नियम परराष्ट्र खात्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? पण तक्रार करायची वेळ आली की या वाटणीचा पुरेपूर त्रास होतो.

गंमत म्हणजे पीजी पोर्टल आणि माहिती अधिकाराचं पोर्टल, दोन्ही एकाच मंत्रालयाची. कार्मिक, लोकतक्रार व निवृत्तिवेतन मंत्रालयातला प्रशासकीय सुधारणा विभाग पहिलं चालवतो, कार्मिक व प्रशिक्षण विभाग दुसरं. दारं शेजारशेजारची, घरातल्यांचे स्वभाव मात्र अगदी निराळे.

पीजी पोर्टलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फी नाही. वकिली भाषा लागत नाही, साध्या शब्दांत हकीकत लिहिली की चालतं. खातं निवडायचं, मग पोटविषय, मग त्याचा पोटविषय, आणि ही यादी आता बरीच शहाणी झाली आहे. निवारणाची मुदत २०२२ मध्ये ३० दिवस होती, ऑगस्ट २०२४ पासून ती २१ दिवसांवर आली. आणि मुदत बऱ्याच वेळा पाळली जाते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. परतावा अडकला आहे, पार्सल हरवलं आहे, खात्यात पैसे चुकीच्या दिवशी जमा झाले, अशा सरळ कामात मला इथून चटकन फळ मिळालेलं आहे.

पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या प्रकरणात माझं या पोर्टलबद्दलचं मत बदललं.

काका केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज काकूंनी भाचीकडून ऑनलाइन भरून घेतला. पोचपावती आली, आणि त्यानंतर संकेतस्थळावर तोच एक शब्द, 'प्रक्रियेत'. मी पीजी पोर्टलवर तक्रार टाकली. ती खाली सरकत सरकत ज्या कार्यालयात अर्ज अडला होता त्याच कार्यालयात गेली. तिथून मुदतीच्या आत उत्तर आलं: तक्रारदाराने अर्जाची सद्यस्थिती विभागाच्या संकेतस्थळावर पाहावी. तक्रार निकाली.

म्हणजे ज्या पानावर काही कळत नाही म्हणून तक्रार केली, ते पान बघा हे तक्रारीचं निवारण! काकूंना मी ते वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, पण मग पैसे कधी येणार?" काय सांगणार? उत्तराला 'खराब' शेरा दिला की अपिलाचा पर्याय उघडतो, तोही वापरला. वरिष्ठांचं उत्तर: यापूर्वी दिलेले उत्तर योग्य आहे.

पोर्टलचा यात दोष नाही, असंच मी अजूनही म्हणेन. त्याने तक्रार योग्य पत्त्यावर वेळेत पोचवली. पण शेवटी तक्रार बंद करण्याचं बटण ज्याच्या हातात असतं, तोच बहुधा काम अडवून बसलेला असतो, आणि तक्रार 'निकाली' निघाली की सगळ्यांच्या लेखी विषय संपतो. तुमच्या लेखी तो तसाच असतो, आणि तुम्हाला पुन्हा पहिल्या ओळीपासून हकीकत लिहायला बसावं लागतं. इतर बारीकसारीक तक्रारी मी सोडून दिल्या असत्या. ही एक नाही सोडता आली.

मग दहा रुपये भरून माहिती अधिकार. इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. 'माझं काम का झालं नाही?' असं विचारलंत की उत्तर येणार नाही, कारण कायद्याने नोंदीत असलेली माहिती मागता येते, खुलासे नाहीत. मी काकूंच्या नावाने एवढंच मागितलं: अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचा तारीखवार तपशील, तो कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, आणि अशा अर्जासाठी ठरवून दिलेली कालमर्यादा, आदेशाच्या प्रतीसह.

उत्तरात एक पानभर तक्ता आला. अर्ज निवृत्तिवेतन शाखेत नव्हताच. काकूंची जन्मतारीख जुन्या नोंदीत कोरी होती, म्हणून शाखेने तो दुरुस्तीसाठी दुसऱ्या शहरातल्या संगणक कक्षाकडे पाठवला होता. कक्षाला दाखला हवा होता, पण तो मागवायचा कोणी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. संकेतस्थळाला हा टप्पाच माहीत नाही, त्यामुळे तिथे 'प्रक्रियेत'. तक्रारीला उत्तर देणाऱ्यानेही बहुधा तेच पान उघडून पाहिलं असणार. काकूंचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत होताच. तो योग्य कक्षाला, योग्य संदर्भ क्रमांकासह गेला, आणि काम पुढे सरकलं.

माहिती अधिकाराने काम होत नाही, हे मान्य. तो फक्त काम कोणाकडे आहे ते सांगतो. पण ऑनलाइन कारभारात नेमकं तेच कळेनासं झालं आहे. पूर्वी निदान फाइल कोणत्या टेबलावर आहे ते शिपाई सांगायचा. शिवाय २००५ च्या कायद्याला दात आहेत: अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, उत्तर ३० दिवसांत द्यायचं, नाहीतर माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० पर्यंत दंड. प्रत्यक्षात दंड होणं दुर्मिळच, आणि दुसरं अपील माहिती आयोगाकडे गेलं की वर्ष कुठे जातं कळत नाही. तरी सही करणाऱ्याला स्वतःचं पदनाम लिहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्याने उत्तराचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे. तुमचा वेगळा असू शकेल. एक काळजी घ्या. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याची सवलत रुंद केली आहे, तेव्हा अधिकाऱ्याचं नाव मागून वाद ओढवून घेऊ नका. पदनाम पुरतं.

मुंबईकरांसाठी आणखी एक. आपली निम्मी कामं केंद्राची नसतातच. पाण्याचं बिल, जन्मदाखला पालिकेचा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास राज्याचा. केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर पालिकेविषयी अर्ज टाकलात तर तो पुढे पाठवला न जाता परत येतो आणि दहा रुपये जातात. राज्याचं पोर्टल वेगळं आहे आणि नियमही कडक: एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. केंद्रात पहिलं अपील फुकट, इथे २० रुपये. मात्र दाखल्यांसाठी माझी पहिली पसंती माहिती अधिकारालाही नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा त्याहून सोपा पडतो. अधिसूचित सेवेसाठी किती दिवस आणि कोणता पदनिर्देशित अधिकारी हे आधीच जाहीर असतं, मुदत टळली की अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद. केंद्राच्या सेवांना असा कायदा नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तर कुठून सुरुवात करायची? पैसे अडकलेत, काय चुकलं ते तुम्हाला स्पष्ट माहीत आहे आणि एका ओळीत सांगता येतं, तर पीजी पोर्टल. उगाच माहिती अधिकाराचे ३० दिवस घालवू नका. अर्ज नुसताच लोंबकळतोय, कोणाकडे आहे तेच कळत नाही, तर मी तरी आता तक्रारीच्या फंदात न पडता आधी माहिती मागवतो. हातात तक्ता आला की हवं तर पीजी पोर्टलवर जावं, आणि तक्रारीत अर्ज ज्या कक्षात पडून आहे त्याचं नाव पहिल्याच ओळीत घालावं. मग संकेतस्थळ पाहा असं उत्तर देणं त्यांनाही जड जातं. माहिती अधिकाराचा नोंदणी क्रमांक आणि पावती लगेच उतरवून घ्या, आणि अर्जात स्वतःचाच ईमेल द्या, भाचीचा नको. अपिलाच्या वेळी पोर्टल नोंदणी क्रमांक आणि ईमेल, दोन्ही मागतं.