बांधावर मोगली एरंड लावावा की करंज?

घर इंदुरात आणि थोडी शेती सांवेर, देपालपूर किंवा महूच्या बाजूला, अशा आपल्या कुटुंबांत दर उन्हाळ्यात बांधावर काय लावायचे हा प्रश्न निघतो, आणि चर्चा बहुधा मोगली एरंड व करंज या दोन नावांपाशी येऊन थांबते. दोन्हींच्या बियांत साधारण तीस टक्क्यांच्या आसपास तेल असते, ते खाण्याच्या उपयोगाचे नसते आणि दोन्हींपासून बायोडिझेल तयार करता येते. म्हणूनच कोणतेही लावले तरी चालेल असा समज होतो, जो मला चुकीचा वाटतो.

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. महाराष्ट्रात ज्याला मोगली एरंड किंवा चंद्रज्योत म्हणतात, तेच इथले रतनजोत, शास्त्रीय नावाने जट्रोफा कर्कस. परंतु सियागंजात रतनजोत मागितले, तर दुकानदार तेलाला किंवा रश्शाला लाल रंग आणणारी वाळलेली मुळे पुढे ठेवतो. ती सर्वस्वी वेगळ्या कुळातली वनस्पती आहे, त्यामुळे एखाद्या घरगुती औषधाच्या कागदावर नुसते रतनजोत लिहिलेले असेल तर खात्री झाल्याशिवाय ते पोटात घेऊ नये.

आता विषाबद्दल, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो. मोगली एरंडाचे फळ पिकताना पिवळे आणि नंतर काळपट होते. ते फोडले की बहुधा तीन काळ्या बिया निघतात, आणि बीचे टरफल काढले की पांढराशुभ्र मगज दिसतो, ज्याची चव शेंगदाण्यासारखी गोडसर लागते. मुलांना हे झाड आधीच ओळखीचे असते, कारण पानाचा देठ मोडून निघालेला चीक गवताच्या कडीत धरला की त्याचे फुगे उडवता येतात. हा खेळ लहानपणी आम्हीही खेळलो आहोत, आणि चीक डोळ्यात गेला तर किती आग होते हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. खेळता खेळता बी तोंडात गेली आणि गोड लागली की मूल एकावर थांबत नाही. काही वेळाने घशाची आग, पोटात कळा, ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. यावर नेमका उतारा नाही; शरीरातले पाणी कमी होऊ न देणे हाच मुख्य उपचार असतो आणि बहुतेक मुले त्याने एक-दोन दिवसांत बरी होतात. उलटी करवण्याच्या प्रयत्नात वेळ घालवू नये, लगेच रुग्णालय गाठावे, आणि खाल्लेल्या बियांपैकी एखादी सोबत न्यावी, कारण साध्या एरंडाच्या बीतील रिसिन हे विष याहून पुष्कळ घातक असते आणि डॉक्टरांना हा फरक कळणे आवश्यक असते.

मोगली एरंडाच्या बीतील कर्सिन हे प्रथिन रिसिनचेच भाऊबंद आहे, पण विषाला पेशीच्या आत नेणारा रिसिनचा भाग त्यात नसतो आणि उष्णतेने ते निकामीही होते. खरी अडचण फॉर्बॉल एस्टर या संयुगांची आहे. जमालगोट्याच्या तेलातही आढळणारी ही संयुगे भाजण्या-उकळण्याला दाद देत नाहीत, तेलात विरघळून राहतात, आणि प्राण्यांच्या त्वचेवरील प्रयोगांत त्यांनी गाठींच्या वाढीला चालना दिल्याचे दिसले आहे. मेक्सिकोत व्हेराक्रूझ भागात या संयुगांचे प्रमाण नगण्य असलेला एक वाण आहे आणि तिथले लोक त्याच्या बिया भाजून खातात. जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठात पेंडीतून विष काढून ती माशांना खाऊ घालण्यावरही काम झाले आहे. पण आपल्याकडचे झाड सर्रास विषारीच असते आणि पेंड शुद्ध करण्याची ती पद्धत घरी करण्याची नव्हे. म्हणून ही पेंड खत म्हणून शेतात घालावी, गुरांना कधीही देऊ नये.

करंजही निर्विष नाही. त्याच्या बिया पोटात गेल्यास ओकाऱ्या होतात. मात्र चपट्या शेंगेतली ती तांबूस बी इतकी कडू असते की मूल ती लगेच थुंकून टाकते. माझ्या लेखी हा फार मोठा गुण आहे. त्याचे तेल खरजेवर लावण्याची आणि दिव्यात घालण्याची रीत जुनी आहे, आणि पेंड उत्तम खत ठरते.

तेलाच्या कमाईवर कोणी मोगली एरंडाकडे वळत असेल तर त्याने मागची वीस वर्षे पाहावीत. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने या झाडावर मोठी भिस्त ठेवली, 2009 च्या जैवइंधन धोरणाने 2017 पर्यंत इंधनात वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट ठरवले, आणि ते गाठले गेले नाही. इंधनात खोट नव्हती. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने याच तेलापासून केलेल्या इंधनाचे मिश्रण वापरून 27 ऑगस्ट 2018 रोजी डेहराडूनहून दिल्लीला विमान उडाले. अपयश आले ते शेतात. झाड अजून रानटीच आहे, वीस-तीस नर फुलांमागे जेमतेम एक मादी फूल येते, फळे एकाच वेळी पिकत नाहीत आणि तोडणीला पुन्हा पुन्हा मजूर लावावे लागतात. तेलाच्या घाण्यावर लिटरभर तेलासाठी साधारण चार किलो बी लागते, आणि माळरानावर हेक्टरी टनभर बी देखील अनेक ठिकाणी हाती आली नाही.

माळव्याच्या काळ्या मातीचाही विचार हवा. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, आणि मुळाशी साचलेले पाणी मोगली एरंडाला मुळीच सोसत नाही. करंजाला ते सोसते, शिवाय शेंगावर्गीय असल्याने तो मुळांच्या गाठींमधून जमिनीत नत्र साठवतो.

कुंपण म्हणून मात्र मोगली एरंडाचीच बाजू वरचढ आहे, हे मान्य केले पाहिजे. पावसाच्या तोंडावर त्याच्या फांद्या जवळजवळ खोचल्या की एक-दोन वर्षांत भिंत तयार होते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. करंज हा वृक्ष आहे. त्याची रोपे पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखावी लागतात आणि बी मिळायला पाच-सहा वर्षे जातात. रोजड्यांना, म्हणजे नीलगायींना, अडवायचे असेल तर दोन्ही सोडून काटेरी करवंदाकडे वळावे.

तेव्हा बांध मुरमाड असेल, पाणी निथळत असेल, जवळपास वस्ती किंवा शाळेची वाट नसेल आणि हवे ते फक्त कुंपण असेल, तर मोगली एरंड लावायला माझी हरकत नाही. सुट्टीत नातवंडे शेतावर येत असतील किंवा मजुरांची मुले दिवसभर बांधावर खेळत असतील, तर करंजच लावावा. तो शक्यतो उत्तरेच्या बांधावर असावा, म्हणजे हिवाळ्यात त्याची सावली गव्हावर न पडता शेताबाहेर पडेल.