टीव्हीआर घ्यायची तर कोणती: किमेरा की टस्कन?

टीव्हीआर ही इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची स्पोर्ट्स कार कंपनी; तिचा कारखाना २००६ मध्ये थंडावला. त्यामुळे ब्रिटनमध्ये आज यातली कुठलीही गाडी घेतली तरी ती जुनीच. पसंती बहुधा दोघींवर येऊन अडते: नव्वदच्या दशकातली किमेरा आणि तिच्यामागून आलेली टस्कन स्पीड सिक्स.

दोघींना फायबरग्लासची बॉडी, पोलादी नळ्यांची चासी. एबीएस नाही, एअरबॅग नाही. मालक पीटर व्हीलर यांना ते नकोच होतं. खरा फरक इंजिनाचा. कंपनी वर्षानुवर्षं बाहेरची इंजिनं बसवायची. किमेरात रोव्हरचं व्ही-८ आहे, मूळचं अमेरिकन ब्यूकचं. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर घेतली आणि या पुरवठ्याचा भरवसा राहिला नाही. टीव्हीआरने स्वतःची इंजिनं बनवायला घेतली होती, त्यातलंच टस्कनचं चार लिटरचं सरळ सहा सिलिंडरी. एवढ्याशा कंपनीने स्वतःचं इंजिन काढावं, हे धाडस कौतुकाचंच. भुर्दंड मात्र ग्राहकांना पडला.

कागदावर चार लिटरची किमेरा २४० अश्वशक्तीची, टस्कन ३६० ची. पण टस्कनच्या सुरुवातीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह दाबणारे फिंगर फॉलोअर आणि व्हॉल्व्हला सरळ धरणाऱ्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, लवकर झिजत. शिवाय व्हॉल्व्हची फट दर १२,००० मैलांना तपासून शिम, म्हणजे फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या, बदलाव्या लागतात. किमेराचे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप जुळवणारे, त्यामुळे ती कटकट नाही. तिथे कॅमशाफ्ट झिजतो आणि एक्झॉस्टच्या धगीने प्लगच्या वायरी करपतात. दोन्ही कामं रोव्हर व्ही-८ जाणणारा कुठलाही मेकॅनिक करतो, भागही सहज मिळतात.

टस्कनच हवी असेल तर इंजिन उघडून नवे, सुधारित भाग घातल्याची बिलं आणि फोटो मागा. 'रीबिल्ट आहे' या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती किती ते पाहणं, करून घ्या. तेल तापण्याआधीच इंजिन पिळणाऱ्या मालकाची गाडी तर बघूही नका.

गंज दोघींनाही सोडत नाही. चासीच्या बाजूंना आलेल्या नळ्यांवरचं, म्हणजे आउटरिगरवरचं, पावडर कोटिंग खडी लागून तडकतं, आत पाणी शिरतं आणि वरून सगळं ठीक दिसत असताना नळी खालून कुजते. किमेरात सीटबेल्टचा खालचा बोल्ट याच नळ्यांना आहे, तेव्हा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हे. गाडी लिफ्टवर घ्या, टॉर्च मारून नळ्या शेवटच्या टोकापर्यंत ठोकून पाहा. नुकताच फासलेला काळा लेप दिसला तर संशय घ्या. नीट दुरुस्तीला बहुतेक वेळा बॉडी चासीवरून उचलावी लागते, आणि मजुरीचा मोठा वाटा तिथेच जातो.

पहिलीच टीव्हीआर असेल तर चासीचं काम झालेली किमेरा घ्या. तिची डिकीही ऐसपैस आहे. टस्कन घ्यायची ती इंजिनासाठी पैसे वेगळे काढून ठेवता येत असतील तरच.