डिस्क शंभर जीबीची असली म्हणून काय फरक पडतो? पीएस ५ बरेच महिने वापरल्यानंतर

डिस्क ड्राइव्हवाला पीएस ५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल, घेऊन आता बरेच महिने झाले. या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "याची डिस्क शंभर जीबीची असते ना? मग गेम जास्त भारी दिसत असतील." नाही, दिसत नाहीत. डिस्कवर किती मावतं याचा ग्राफिक्सशी, फ्रेम रेटशी (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याच्याशी) किंवा लोडिंगशी आज काडीचाही संबंध नाही. फरक पडतो, पण तो भलत्याच ठिकाणी. बॉक्समध्ये जी डिस्क मिळते तिच्यावर गेम किती आहे आणि उरलेला किती डाउनलोड करायचा आहे, एवढाच खरा मुद्दा आहे.

आधी मशीनच्या आत काय चालतं ते सांगतो. डिस्क आत सरकवली की ड्राइव्ह जोरात फिरायला लागतो. टीव्हीचा आवाज बारीक असेल तर ती घरघर सोफ्यापर्यंत ऐकू येते. मग डिस्कवरचा सगळा डेटा एसएसडीवर, म्हणजे आतल्या वेगवान स्टोरेजवर, कॉपी होतो. याला पर्याय नाही, आणि ही काही पीएस ५ ची नवलाई नाही. २०१३ मध्ये पीएस ४ आणि एक्सबॉक्स वन आले तेव्हापासून डिस्कवरचा प्रत्येक गेम आधी आतल्या स्टोरेजवर उतरवावा लागतो. एकदा कॉपी झाली की डिस्कचं काम फक्त ओळख पटवण्याचं. गेम सुरू करताना ती क्षणभर फिरते, कन्सोलला खात्री पटते आणि डिस्क गप्प बसते. त्यानंतर चार तास खेळा, तिला कोणी विचारत नाही.

असं का, ते आकड्यांवरून कळतं. पीएस ५ चा ड्राइव्ह ६६ आणि १०० जीबीच्या डिस्क जास्तीत जास्त १० एक्स वेगाने वाचतो, म्हणजे सेकंदाला साधारण ४५ एमबी, तेही डिस्कच्या बाहेरच्या कडेला. आतली एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. शंभरपटीहून जास्त तफावत आहे. या पिढीचे गेम एसएसडीचा वेग गृहीत धरूनच बनवलेले असतात, ते थेट डिस्कवरून चालवायचे म्हटले तर पहिल्याच वळणावर शहर गायब होईल.

हा प्रश्न लोकांच्या डोक्यात कुठून आला तेही मला माहीत आहे. पीएस ४ च्या आधीच्या पिढीत माझ्याकडे एक्सबॉक्स ३६० होता आणि मावसभावाकडे पीएस ३. ३६० ला डीव्हीडी, दोन थरांची, साडेआठ जीबीची, त्यातही गेमसाठी प्रत्यक्षात मिळणारी जागा त्याहून कमी. पीएस ३ ला ब्लू-रे, २५ किंवा ५० जीबी. भावाने हा आकडा तोंडावर फेकायचा आणि मी गप्प बसायचं, असा शिरस्ता होता. फायनल फँटसी १३ आला तेव्हा त्याच्याकडे एक डिस्क, माझ्याकडे तीन. लॉस्ट ऑडिसी तर चार डीव्हीडींवर होता. एल. ए. नॉयर तीन.

पण डिस्क बदलायला उठणं ही तशी किरकोळ तक्रार होती. चाळीस-पन्नास तासांच्या गोष्टीत दोन-तीनदा उठलं तर काय झालं? खरी अडचण ओपन वर्ल्ड गेमची. खेळाडू नकाशावर कुठेही जाऊ शकतो, मग कोणता भाग कोणत्या डिस्कवर ठेवणार? चौकाचौकात "डिस्क दोन टाका" असं सांगता येत नाही. २०१३ च्या जीटीए ५ ने ३६० वर त्यावर तोडगा काढला: एक डिस्क फक्त इन्स्टॉल करायची, दुसरी खेळायची. आज दोन डिस्कचे गेम येतात ते सगळे याच पद्धतीने.

आणि गंमत अशी की तेव्हाही मोठ्या डिस्कने चांगला गेम मिळेलच असं नव्हतं. पीएस ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह २ एक्स, म्हणजे सेकंदाला ९ एमबी. ३६० चा १२ एक्स डीव्हीडी ड्राइव्ह बाहेरच्या कडेला जवळजवळ १६ एमबी गाठायचा. जागा जास्त, पण वेग कमी. म्हणून पीएस ३ चे कितीतरी गेम आधी हार्ड डिस्कवर इन्स्टॉल व्हायला मागायचे. मेटल गिअर सॉलिड ४ हा ५० जीबीच्या डिस्कची जाहिरात म्हणावी असा गेम, पण तो प्रत्येक अंकाआधी नव्याने इन्स्टॉल व्हायचा, आणि तोवर पडद्यावर गेमचा नायक, म्हातारा स्नेक, सिगरेट ओढत बसलेला. बायोनेटा दोन्हीकडे आला आणि डीव्हीडीवरचाच जास्त सुरळीत चालला. कारण तो मूळ ३६० साठी लिहिलेला होता. डिस्कचा तिथे काही संबंधच नव्हता.

डिस्कच्या क्षमतेने खरोखर खेळ पालटला तो त्याच्या आधी. निन्टेन्डो ६४ या कन्सोलची सगळ्यात मोठी कार्ट्रिज (आत चिप असलेली गेमची डबी) ६४ एमबीची आणि पहिल्या प्लेस्टेशनची सीडी साधारण ६५० एमबीची. दहापट. १९९७ चा फायनल फँटसी ७ तीन सीडींवर आला. मात्र त्या तीन डिस्कवर मुख्यतः व्हिडिओ बदलत होते. गेमचा गाभा प्रत्येक डिस्कवर तोच होता. उलट रेसिडेंट ईव्हिल २ हा दोन सीडींचा गेम १९९९ मध्ये एकाच ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये व्हिडिओंसकट बसवला गेला. चित्र पुसट झालं, आवाज दबला, पण गेम पूर्ण होता. या दोन उदाहरणांतून एक गोष्ट मला पटली आहे: जागा खाणारी गोष्ट आणि गेम चांगला करणारी गोष्ट या बहुतेक वेळा वेगळ्या असतात.

त्याचं सगळ्यात झकास उदाहरण २०१४ चा टायटनफॉल. पीसीवर तो ४८ जीबी जागा घ्यायचा आणि त्यातले सुमारे ३५ जीबी नुसता ऑडिओ! कमी ताकदीच्या प्रोसेसरवर आवाज डीकम्प्रेस करायचा भार पडू नये म्हणून तो कम्प्रेस न करताच दिला होता. हार्ड डिस्कच्या काळात आणखी एक प्रकार चालायचा. हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे जायला वेळ लागतो, म्हणून एकच वस्तू जागोजागी पुन्हा पुन्हा ठेवायची, म्हणजे ती जवळच सापडते. पीएस ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये पीएस ५ ची रचना समजावून सांगताना स्पायडर-मॅनचं उदाहरण दिलं होतं, त्यात काही डेटा हार्ड डिस्कवर तब्बल ४०० वेळा होता. रस्त्यावरची टपालपेटीच, पण चारशे प्रती. एसएसडीमुळे ही पुनरावृत्ती करायची गरजच राहिली नाही. त्यामुळे आकार बघून गेमचा दर्जा जोखणाऱ्यांनी जरा जपून.

आता माझ्या रोजच्या वापराकडे येतो.

दोन डिस्कचे गेम त्रासदायक असतील असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तरी त्रास झाला नाही. फायनल फँटसी ७ रीबर्थ दोन डिस्कवर आहे. आधी डेटा डिस्क टाकायची, ती कॉपी झाली की कन्सोल स्वतःच प्ले डिस्क मागतो. नंतर डेटा डिस्क बॉक्समध्ये जाते ती गेम डिलीट करेपर्यंत बाहेर येत नाही. बॉल्डर्स गेट ३ एक्सबॉक्स सिरीज एक्सवर दोनाहून जास्त डिस्कवर मिळतो, तिथेही काम एकदाच. फक्त बसलात की लगेच खेळता येईल अशी आशा ठेवू नका. मोठा गेम उतरायला पाऊण तास ते तासभर धरून चाला. मी डिस्क टाकून सरळ दुसऱ्या कामाला लागतो.

त्रास होतो तो अर्धवट डिस्कचा. एका गाजलेल्या मालिकेतला गेम मी मोठ्या हौसेने आणला होता. कॉपी इतकी पटकन संपली की मलाच शंका आली. मग डाउनलोडच्या यादीत दुसरी पट्टी उगवली, आणि ती काही हलेना. शंभर जीबी म्हणजे ५० एमबीपीएसच्या लाइनवर, ती पूर्ण वेगाने चालली तरी, साडेचार तास. घरात दुसरं कोणी काही बघत असेल तर रात्र गेली. हातात डिस्क आहे, बॉक्स आहे, पण गेम नाही. हा एकट्या माझा अनुभव नाही. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता, बाकी सगळं डाउनलोड. ज्या डिस्कवर १०० जीबी मावू शकतात तिच्यावर सत्तर एमबी! क्षमतेची चर्चा मला निरर्थक वाटते ती इथे.

म्हणून आता मी नवीन डिस्क आणली की एक चाचणी करतो. सेटिंग्जमध्ये जाऊन इंटरनेट बंद करायचं आणि मगच डिस्क टाकायची. कन्सोल डिस्कवर जे आहे तेवढंच उतरवतो. कॉपी झाली की गेमच्या आयकॉनवर ऑप्शन्स बटण दाबून माहिती उघडायची, आवृत्तीचा आकडा आणि आकार बघायचा, आणि गेम सुरू करून पहिला अर्धा तास खेळायचा. काही गेम या अवस्थेतही छान चालतात. काही फक्त मेन्यूपर्यंत येऊन इंटरनेट मागतात. नेट जोडल्यावर पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा अपडेट, येतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पॅचशिवाय काय आहे हे मला माहीत असतं, आणि पुढे कधी सर्व्हर बंद झाला तर माझ्या कपाटातल्या कोणत्या डिस्क जिवंत राहतील याचा अंदाज येतो.

दुसरा विषय जागेचा. माझ्या मॉडेलला ८२५ जीबीची एसएसडी आहे, पण गेमसाठी मिळतात ६६७ जीबी. मोठे सहा-सात गेम टाकले की लाल पट्टी दिसायला लागते. डिस्कवाल्यांचा लाडका युक्तिवाद इथे येतो: डिस्क असली की बिनधास्त डिलीट करा, पाहिजे तेव्हा परत टाका, डेटा खर्च नाही. सुरुवातीला मीही तेच करायचो. वर्षभर जुना गेम परत टाकला की मात्र कळतं, डिस्कवरून जुनी आवृत्ती येते आणि मागोमाग पॅचचा डोंगर. कधीकधी पॅचच मूळ गेमच्या निम्मा. त्यापेक्षा साधी यूएसबी हार्ड डिस्क बरी. पीएस ५ चे गेम तिच्यावरून खेळता येत नाहीत, पण ठेवता येतात, आणि ती कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हच्या दुपटीहून जास्त वेगाने वाचते. वर गेम पॅचसकट परत येतो. म्हणजे गोदाम म्हणूनही शंभर जीबीची डिस्क मागेच पडली. डिस्कचे जे फायदे उरतात ते क्षमतेचे नाहीत: खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते, त्याच्याकडून आणता येते. माझ्यासाठी ते पुरेसे आहेत.

ज्यांना क्षमतेची चर्चा खरोखर करायची आहे त्यांनी निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलकडे बघावं. तिथे अजून कार्ट्रिज आहेत, आणि कार्ट्रिज जितकी मोठी तितकी बनवायला महाग. सायबरपंक २०७७ पूर्णच्या पूर्ण ६४ जीबीच्या कार्डवर आला, पण बरेच प्रकाशक गेम-की कार्ड देतात, ज्यात गेम नसतोच, फक्त डाउनलोडची परवानगी असते. निन्टेन्डो ६४ च्या वेळचं भांडण तीसेक वर्षांनी त्याच कंपनीच्या दारात परत आलं आहे, फक्त या वेळी गेम कापायचा की नाही असा प्रश्न नसून तो बॉक्समध्ये ठेवायचा की नाही असा आहे.

घ्यायच्या विचारात असाल तर मी स्टोरेजला आधी पैसे ठेवा म्हणेन. एम.२ एसएसडी (जादा स्टोरेजची छोटी पट्टी) बसवायची सोय पीएस ५ मध्ये आहे, हीटसिंकवाली (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग असलेली) घ्या, कव्हर काढून स्क्रू फिरवायचं काम आहे. डिस्क ड्राइव्हबाबत घाई नको. २०२३ पासूनच्या स्लिम मॉडेलला आणि पीएस ५ प्रोला तो नंतरही जोडता येतो, प्रोसोबत तर तो येतच नाही. जोडताना एकदा इंटरनेट लागतं एवढं लक्षात ठेवा. आणि डिस्क घेताना बॉक्सवर बारीक अक्षरात डाउनलोडची सूचना आहे का ते उलटसुलट करून बघा. ती असेल तर मी तो गेम सेल लागेपर्यंत थांबून डिजिटलच घेतो.