हिपॅटायटिस सी: कार्ड टेस्ट, एलायझा की व्हायरल लोड?

शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीत किंवा डायलिसिस सुरू होण्याआधी ‘एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूसाठी पॉझिटिव्ह) असा शेरा आला की सोलापुरातील अनेक कुटुंबे दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तीच तपासणी करून घेतात. त्यात पैसे जातात आणि मूळ प्रश्न, म्हणजे विषाणू आज शरीरात आहे की नाही, तसाच राहतो.

कार्ड टेस्ट आणि एलायझा या दोन्ही तपासण्या विषाणू नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. कार्डाला यंत्र लागत नाही, अर्ध्या तासाच्या आत निकाल मिळतो. मात्र फिकट रेषा वाचणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असते. एलायझाचा निकाल यंत्र आकड्यात देते, आणि इथेच मोठा गैरसमज होतो: तो आकडा विषाणूचे प्रमाण दाखवत नाही. शिवाय संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो, प्रतिपिंडे मात्र पुढे वर्षानुवर्षे टिकतात. उलट, ताज्या संसर्गात ती तयार व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात आणि डायलिसिसच्या काही रुग्णांत ती आढळतच नाहीत. अशा रुग्णांनी केवळ निगेटिव्ह कार्डावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरएनए पीसीआर, म्हणजेच विषाणूचे जनुकीय द्रव्य (आरएनए) थेट शोधून मोजणारी व्हायरल लोड तपासणी, संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच विषाणू पकडते. रिअ‍ॅक्टिव्ह अहवाल हाती असेल तर पुढचा खर्च याच तपासणीवर करावा. कोअर अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाची तपासणी, हा तुलनेने स्वस्त पर्याय आहे, परंतु कमी प्रमाणातील विषाणू त्यातून निसटू शकतो.

व्हायरल लोडचा आकडा यकृताची हानी मोजत नाही. दहा लाखांचे वीस लाख झाले म्हणून आजार बळावला असे नसते. साधारण तिपटीहून कमी फरक तपासणीच्या स्वाभाविक चढउतारात मोडतो. म्हणून तुलना करायची असेल तर लॅब आणि पद्धत एकच ठेवावी, आणि ‘आढळला, पण मोजता येण्याइतका नाही’ हा शेरा ‘आढळला नाही’ याहून वेगळा आहे हे ध्यानात घ्यावे.

सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात नमुन्याची काळजी मला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेली नळी पीसीआरला चालत नाही, त्याच कामासाठी ईडीटीए घातलेली जांभळ्या टोपणाची लागते. पुण्या-मुंबईला नमुना जाणार असेल तर प्लाझ्मा (रक्तातील पेशींविना उरणारा द्रव) इथेच, काही तासांत वेगळा करून बर्फात पाठवतात का, हे संकलन केंद्रात निःसंकोच विचारावे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी व औषधे मोफत आहेत. खाजगी लॅबआधी सिव्हिल हॉस्पिटलात चौकशी करावी.

औषधे संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनएच तपासावा. तो अहवाल फाइलमध्ये जपून ठेवावा, कारण बरे झाल्यानंतरही पुढच्या शस्त्रक्रियेआधी कार्ड रिअ‍ॅक्टिव्हच येण्याची शक्यता मोठी असते.